शांत शाळेच्या खिडक्या

आईनं मास्क पुन्हा नाकाखाली ओढला आणि जाहीर केलं, की आता ती जिना चढणार नाही. काय ठरवायचं ते खालीच, पहिलीच्या वर्गात ठरवा. त्यामुळे त्या रविवारी दुपारी घरातली सगळी मोठी माणसं सहा वर्षांच्या पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. आईला मात्र शिक्षकांची खुर्ची मिळाली. ती ऐटीत बसली आणि चौघांकडे असं बघू लागली, जसं काही कुणीच गृहपाठ करून आलेलं नाही.

थोरली पहिल्या बाकावर होती. बाबांच्या मागे शाळा तीच चालवत होती, आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीची इतकी सवय झालेली, की समोरच्या फळ्याला पाठ करून बसावं की तोंड, हेच तिला क्षणभर सुचेना. मधल्याचा फर्निचरचा कारखाना. हे बाक त्यानंच बनवलेले, आणि आता स्वतःच त्यात मावत नव्हता. तो आडवा बसला होता, एक पाय वाटेत. त्याच्या मागच्या बाकावर त्याची बायको, पहिलीची शिक्षिका. धाकट्या दिरानं ‘वहिनी’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शाळेभर होऊन बसलं; पहिलीची पोरंसुद्धा तिला ‘वहिनीबाई’ म्हणायची. आणि शेवटच्या बाकावर, दाराजवळ, धाकटा. त्याला घरात कुणी नावानं हाक मारून जमाना झाला होता. तो डॉक्टर होता, म्हणून डॉक्टर.

बाबांनी घालून दिलेली रीत होती. शाळेचा मोठा निर्णय घरच्यांनी वर्गात बसून करायचा. दार लावायचं. ज्याला पटलं त्यानं बाकावरून उभं राहायचं, आणि सगळे उभे राहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. या रीतीपायी एकदा बाबा एकटेच अडून बसले होते आणि बाकीच्यांचे उभं राहून पाय भरून आले होते. पण रीत मोडायची कुणाची टाप नव्हती. आजही दार लावलं गेलं. डॉक्टर कुरकुर करील असं थोरलीला वाटलं होतं, पण त्यानं गुपचूप कडी घातली, खिशातून काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा एक पांढरा डबा काढून आईसमोर टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

“हे काय?” आईनं विचारलं.

“असू दे तिथं. नंतर सांगतो.”

थोरलीनं घसा साफ केला. सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं, पण सांगणं भाग होतं. “परवानगी आलीय. उघडायची की नाही, कधी, कशी, ते ज्या त्या शाळेनं ठरवायचं. म्हणजे वरच्यांनी काखा वर केल्यात आणि घोडं आपल्या दारात आणून बांधलंय. उद्या पालक विचारायला येतील. त्यांना मी काय सांगू?”

“महिनाभर थांबा म्हणून सांग,” डॉक्टर म्हणाला.

“मागच्या महिन्यातही तू महिनाच म्हणाला होतास.”

“तेव्हा माझ्या वॉर्डात खाट मिळत नव्हती, ताई.”

“आणि आता?”

“आता मिळतेय. म्हणून लगेच ती भरायची सोय करायची का?”

त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्याखाली किती थकवा साचलाय ते थोरलीला ऐकू आलं. सव्वा वर्ष तो माणसांना श्वासासाठी धडपडताना बघत होता. त्याच्याशी वाद घालताना तिला दर वेळी आपण काहीतरी निर्दयपणा करतोय असं वाटे, आणि दर वेळी ती तो करत असे. कारण तिनंही या काळात काहीबाही बघितलं होतं, फक्त तिच्या बघण्याला कुणी आजार म्हणत नव्हतं.

“मागच्या आठवड्यात मी घरोघर फिरले,” ती म्हणाली. “फोनवरच्या तासाला जी मुलं दिसेनाशी झालीत, त्यांच्याकडे. सातवीतली ती, भूमितीत पुढे असलेली, आठवतेय ना? शिंप्याच्या दुकानात काजं करत बसली होती. मला बघून सुई हातात धरूनच उठून उभी राहिली. मी विचारलं, शाळा उघडल्यावर येशील ना? तर म्हणाली, मॅडम, आता मला काजं चांगली जमतात.” थोरलीनं बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. “आणखी महिनाभर थांबलो तर तिला बटणंही जमायला लागतील. मग मी कुणासाठी उघडू शाळा?”

मग मधला म्हणाला, “ताईचं बरोबर आहे.” थोरलीनं आशेनं वळून बघितलं. “पण डॉक्टर म्हणेल ते,” त्यानं वाक्य पुरं केलं.

मधल्याचं हे हल्लीचं धोरण होतं. पहिल्या लाटेत तो आठवडे दवाखान्यात पडून होता आणि धाकट्या भावानं त्याला अक्षरशः ओढून परत आणला होता. तेव्हापासून डॉक्टरनं भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तरी हा न चाखता मान डोलवायचा. थोरलीनं त्याची गणती आधीच पलीकडे केली होती. तिची भिस्त होती वहिनीवर. ज्या पोरांनी पहिलीचं वर्ष शाळेचं दार न बघता काढलं, ती आता दुसरीत गेली होती, आणि त्यांच्या नावानं सगळ्यात जास्त हळहळली होती ती वहिनीच.

“तू सांग गं,” थोरली म्हणाली. “तुझी पोरं आहेत.”

वहिनीनं नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. “ताई, मी डॉक्टरभावजींच्या बाजूनं आहे.”

थोरलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “काय?”

“मला पोरांची भीती नाही हो वाटत. माझी स्वतःचीही नाही. पण यांची छाती अजून जिना चढताना वाजते. मी दिवसभर वर्गात बसून संध्याकाळी घरी काय घेऊन जाईन, सांगा ना तुम्ही मला.” तिचे डोळे भरले होते. “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

मधला खजील होऊन पंख्याकडे बघायला लागला. त्याच्या छातीची अशी चव्हाट्यावर चर्चा होईल असं त्याला वाटलं नव्हतं. थोरलीला राग येऊ पाहत होता आणि येत नव्हता, कारण वहिनीच्या जागी ती असती, तर तिनंही हेच केलं असतं. तीन एका बाजूला, आपण एका बाजूला. उरली आई.

“उघडा,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“उघडा म्हणजे उघडा. संप झाले, पूर आला, समोरचा रस्ता खणून ठेवला होता दोन वर्षं. यांनी एक दिवस शाळा बंद ठेवली नाही. फळीवरून चालत यायची पोरं. आजार काय, येतात नि जातात.”

“आई, हा तसला आजार नाही,” डॉक्टर म्हणाला.

“तू मला शिकवू नकोस. तुला मी पाढे शिकवलेत. आणि हे तुझं घड्याळ आधी दुरुस्तीला टाक. मघाशी सहाशे दाखवत होतं, आता अकराशे दाखवतंय. अकराशे कुठं वाजतात?”

डॉक्टर उठला. गडी याचीच वाट बघत होता हे थोरलीच्या लक्षात आलं. तो पुढे आला आणि डबा उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. “हे घड्याळ नाही. आपण सोडलेला श्वास किती साचलाय, ते हे मोजतं. बाहेर मोकळ्यावर चारशे येतात. आठशेच्या आत असेल तर मी निश्चिंत. आपण मोजून पाच माणसं, सगळ्यांचे दोन्ही डोस झालेले, मास्क लावून लांब लांब बसलोय. थोडासा वाद घातला आणि खोलीत अकराशे झाले. म्हणजे इथली हवा बाहेर जातच नाही, ताई. तीच तीच आपण एकमेकांच्या नाकातून फिरवतोय. आता इथं वर्गभर पोरं बसव, ज्यांना लस नाही, ज्यांचा मास्क पाचव्या मिनिटाला गळ्यात येतो. त्यांच्यातलं एक आजारी असलं, तर दुपारपर्यंत सगळ्यांच्या घरी पोचेल.”

“म्हणून दार लावताना गप्प बसलास होय?” थोरली म्हणाली.

“मुद्दामच. तू माझं ऐकत नाहीस. आकड्याचं ऐकशील असं वाटलं.”

भांडणात याच्याशी कधी जिंकायचं नाही, हे तिला तो पाचवीत असल्यापासून माहीत होतं. तिनं हताशपणे इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर खिडक्यांवर गेली. पाठोपाठ सगळ्यांची गेली.

पहिलीच्या वर्गाला तीन मोठ्या खिडक्या होत्या आणि तिन्ही बंद होत्या. नुसत्या बंद नव्हेत, स्क्रूनं पक्क्या केलेल्या. वर दर दोन वर्षांनी रंगाचा हात बसून चौकट आणि झडप एकजीव झालेली. वरचे झरोके प्लायवूड ठोकून बुजवलेले. सगळ्या शाळेत हीच तऱ्हा. समोरचा रस्ता रुंद झाला, पलीकडे पत्रे ठोकायचं वर्कशॉप आलं, तेव्हा बाबांनी हे करून घेतलं होतं. ‘गोंगाटात शब्द मरतो,’ ते म्हणायचे. पुढे हीच शाळेची ओळख झाली. इथं कुणी आवाज चढवत नसे, शिक्षक नाही, पोरं नाहीत, शिपाईसुद्धा नाही. लांबून लोक बघायला यायचे. थोरलीनं हे सगळं जिवापाड जपलं होतं. दर वर्षी नव्या पालकांसमोर ती बाबांचं ते वाक्य सांगायची.

आता ती त्या खिडक्यांकडे बघत राहिली. तिच्या मनात जो विचार आला, तो तिला आवडला नाही. पण शिंप्याच्या दुकानातली ती सुई तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

“आणि या उघड्या असत्या तर?” तिनं विचारलं.

डॉक्टर थबकला. “तर गोष्ट वेगळी.”

“किती वेगळी?”

“समोरासमोर खिडक्या आहेत. झरोके मोकळे केले तर वारा आरपार जाईल. त्यात अर्धीच पोरं बोलावली, एक दिवसाआड...” तो बोलता बोलता हिशेब करत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत चालला होता. “ताई, तसं केलंस तर मी उभा राहीन.”

“महिनाभर न थांबता?”

“न थांबता. मला काय शाळा बंद ठेवायची हौस आहे? माझी पोरगी दिवसभर फोनमध्ये डोकं खुपसून बसते. जेवायला बोलावलं तर म्हणते, बाबा, तुमचा आवाज बंद आहे, चालू करा.”

मधला एवढ्यात खिडकीपाशी पोचला होता. त्यानं नखानं रंग खरवडला. “स्क्रू माझेच आहेत. बाबांनी माझ्याकडूनच मारून घेतले होते. तेव्हाच म्हणालो होतो, जरा आखूड वापरू. म्हणाले, नाही, कायमचं कर.” त्याचा चेहरा खुलला. “पण निघतील. न निघून जातात कुठं!”

“भावजी,” वहिनीनं डॉक्टरला विचारलं, “आठशेच्या आत राहील? नक्की?”

“रोज मोजायचं. हा डबा तुमच्या टेबलावर ठेवतो. आकडा वर गेला की मुलांना अंगणात काढायचं, आणि ज्याला बारीकसुद्धा ताप आहे त्यानं घरी राहायचं, मग तो शिक्षक का असेना. एवढं सांभाळलंत तर दादाची काळजी माझ्यावर सोडा. नाही सांभाळलंत तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन.”

वहिनीनं पदरानं डोळे टिपले आणि बाकावरून उभी राहिली. डॉक्टर उभाच होता. मधला खिडकीशी उभा होता. थोरली उठली, तेव्हा तिचे गुडघे कडकड वाजले आणि मनात आनंदाची अशी उसळी आली, की तिला बाक धरावा लागला. पंधरा मिनिटांपूर्वी ती एकटी पडली होती.

“खिडक्यांना हात लावायचा नाही,” आई म्हणाली.

आई बसलेलीच होती. खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले होते.

“अगं, पण आता तूच म्हणालीस ना, उघडा?” मधला म्हणाला.

“शाळा उघडा म्हणाले. खिडक्या नाही. त्या यांनी बंद केल्यात. मी असेपर्यंत त्या तशाच राहतील.”

आकडा बाराशेच्या पुढे गेला होता. डॉक्टरनं समजावलं. वहिनीनं विनवलं. मधल्यानं सुचवलं, निदान एक तरी, मागच्या बाजूची, जिच्यातून आवाज येत नाही. आईनं कुणाकडेच लक्ष दिलं नाही. आत्तापर्यंत जी एकटीच थोरलीच्या बाजूनं होती, तिच्याच विरुद्ध आता सगळे एक झाले होते, आणि थोरलीला याचं फार वाईट वाटलं. ती जाऊन आईच्या खुर्चीशी खाली बसली.

“आई, बाबांचं तत्त्व मलाही तुझ्याइतकंच प्रिय आहे. सगळं आयुष्य मी त्यावर काढलंय. माझ्या हातून ते मोडताना मला काय वाटत असेल, तुला कळत नाही का? पण बाबा आज असते, तर त्यांनी मुलं निवडली असती, तत्त्व नाही.”

आईनं तिच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

“कसलं तत्त्व?” ती म्हणाली.

“शांततेचं. गोंगाटात शब्द मरतो...”

“त्यांना ऐकू यायचं नाही.”

पलीकडचं वर्कशॉप जाड काचांतून कुठंतरी खोल ठकठक करत होतं.

“तत्त्व-बित्त्व काही नव्हतं,” आई म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. “कान गेले होते त्यांचे. हळूहळू गेले. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, आणि त्यांना पोरांचं बोलणं कळेनासं झालं. पोरगं उभं राहून उत्तर द्यायचं आणि हे नुसते त्याच्या ओठांकडे बघत राहायचे. घरी येऊन रडले एकदा माझ्यासमोर. मी म्हटलं, ते कानातलं मशीन घ्या. तर म्हणाले, मास्तर बहिरा झाला म्हटल्यावर आपली पोरं कोण पाठवेल? मग खिडक्या बंद केल्या. माझ्याकडून शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही. पोरांनाही नाही. मी नाही सांगितलं. आज सांगतेय.”

“पण मी डॉक्टर आहे, आई!” धाकटा जवळजवळ ओरडला. “मला कसं कळलं नाही?”

“तुला कळू नये म्हणून तर तू आलास की ते पेपर उघडून बसायचे. पेपर वाचणाऱ्या माणसानं ओ नाही दिली, तर कुणाला काही वाटत नाही.”

डॉक्टरला हसू फुटलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच फुटलं. मग वहिनी हसली, आणि मग आईसुद्धा, मास्क गळ्यात, डोळ्यांतून पाणी गळतंय, अशी. एक मधला तेवढा हसत नव्हता.

“मी कारखाना काढतो म्हणून सांगायला गेलो होतो,” तो म्हणाला. “अंगणात होते. मी सगळं सांगितलं, पाठीमागे उभं राहून. शिक्षक होणार नाही, मला लाकूडकाम करायचंय. त्यांनी वळूनही बघितलं नाही. चालायला लागले. मी म्हटलं, झालं, मी त्यांना मेलो. पुढे पंधरा वर्षं आम्ही कामापुरतंच बोललो.” त्यानं चौकटीवर हात टेकला. “म्हणजे ते रागावलेले नव्हते?”

“वेड्या, तुझा कारखाना बघून आले त्या दिवशी रात्री जेवले नाहीत ते, आनंदानं,” आई म्हणाली. “मला म्हणाले, पोरानं मला आधी सांगितलं का नाही?”

मधल्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. थोरली अजून जमिनीवरच होती. इतकी वर्षं पालकांसमोर सांगितलेलं ते वाक्य तिच्या डोक्यात गरगरत होतं. आपण एका कान गेलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या लाजेवर आरास करत आलो. तिला फसल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटत होती ती माया, नुसती माया. बाबांबद्दल एवढी माया तिला ते असतानाही कधी वाटली नव्हती. ते कधी इतके आपले नव्हते.

“हे मास्क आल्यापासून त्यांची फार आठवण येते मला,” आई हळू आवाजात म्हणाली. “ओठच दिसत नाहीत कुणाचे. आज असते तर अगदी एकटे पडले असते बिचारे.” मग तिनं दोन्ही हात पुढे केले. “उठवा मला. खुर्ची फार उंच आहे.”

थोरलीनं एक हात धरला, डॉक्टरनं दुसरा. आई उभी राहिली.

मग काय विचारता! मधल्याच्या गाडीत हत्यारं कायमच असायची. त्यानं ती आणली, नाक पुसलं आणि पहिल्या खिडकीवर असा तुटून पडला, की वहिनीला दोनदा ‘अहो, छाती!’ म्हणावं लागलं. रंगाचे पापुद्रे निघाले. स्क्रू कुरकुरले, अडले, एकाचं डोकंच तुटलं, त्याला मधल्यानं त्याच्या सगळ्या खानदानासकट शिव्या दिल्या आणि मग आईकडे बघून जीभ चावली. शेवटचा स्क्रू निघाला तरी झडप हलेना. चौकटीला ती इतकी वर्षं बिलगून होती, की आता सोडायला तयार नव्हती. डॉक्टरनं खांदा लावला. थोरलीनं पदर खोचला आणि खांदा लावला. “एक, दोन...” मधला म्हणाला, आणि तीन म्हणायच्या आधीच खाडकन आवाज होऊन खिडकी बाहेर उघडली आणि तिघंही एकमेकांवर आदळले.

आवाज आत आला. ट्रकचा हॉर्न, पत्र्यावरचे घण, कुणीतरी कुणालातरी रस्त्यापलीकडून मारलेली हाक, सगळं एकदम, धुळीसकट. थोरलीनं आपसूक कानांवर हात नेले. जन्मभर जे ती दाराबाहेर ठेवत आली होती, ते तिच्या शाळेत शिरलं होतं. आणि त्याबरोबर वारा शिरला होता. भिंतीवर पिवळी पडलेली मुळाक्षरांची चित्रं फडफडायला लागली.

“नऊशे!” वहिनी टेबलाजवळून ओरडली. “अहो, आठशे ऐंशी!”

“झरोके राहिलेत अजून!” मधला ओरडला.

“आठशे वीस!”

“काय म्हणतेय ती?” आईनं विचारलं. हॉर्नमध्ये तिला ऐकू आलं नव्हतं.

“आठशेच्या आत आलं, आई!” डॉक्टर तिच्या कानाशी ओरडला. “सातशे सत्तर!” आणि त्या दुपारपर्यंत सव्वा वर्षात ज्याला कुणी मोठ्यानं हसताना बघितलं नव्हतं, त्यानं थोरल्या बहिणीला खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

पालकांना थोरलीनं दुसऱ्या दिवशी जे सांगितलं, ते सगळ्यांना आवडलं असं नाही. अर्धी मुलं आज, अर्धी उद्या. जेवणाचा डबा अंगणात, लांब लांब बसून. घरात कुणी आजारी असेल तर लपवायचं नाही. काहींनी अजून थांबतो म्हणून सांगितलं आणि तिनं त्यांना थांबू दिलं. फोनवरचा तास चालूच राहील म्हणाली. एका गृहस्थांनी खिडक्यांवरून नाराजी दाखवली. शांत शाळा म्हणून आम्ही लांबून मुलगा पाठवतो, आता हा गोंगाट कसा चालायचा? “साहेब,” थोरली म्हणाली, “शांत तर ती गेलं सव्वा वर्ष आहेच.” मधल्यानं आठवडाभर कारखान्याला सुट्टी दिली आणि माणसं लावून शाळेतली एकूण एक खिडकी मोकळी केली. डॉक्टर रोज येऊन खोलीखोलीत डबा फिरवून गेला. एका मागच्या खोलीत हवा फिरेना, तर त्यानं ती नापास केली आणि थोरलीनं तिला निमूट कुलूप लावलं.

पुढच्या सोमवारी सकाळी ती फाटकात उभी होती. वाटलं होतं, पोरं धावत सुटतील. पण ती आईबापांचं बोट धरून दबकत आली, मास्कवरून डोळे मोठे करून, परक्याच्या घरी यावं तशी. पहिली-दुसरीची तर फाटकाशीच थबकली. वहिनी पुढे झाली, तशी एक चिमुरडी तिला पायापासून डोक्यापर्यंत निरखून म्हणाली, “वहिनीबाई, तुम्ही एवढ्या उंच आहात?” तिनं बिचारीनं बाईंना आजवर फोनच्या काचेवर हनुवटीपर्यंतच बघितलं होतं. वहिनी तिथंच उकिडवी बसली. ती हसतेय की रडतेय, ते मास्कमुळे कळलं नाही. थोड्या वेळानं शिंप्याच्या गल्लीतून एक बाई आली, मुलीला पुढे ढकलत. “मॅडम, हिची जागा आहे ना अजून?” मुलगी खाली मान घालून उभी होती. थोरलीनं तिचा हात धरला, सातवीच्या वर्गापर्यंत स्वतः नेलं आणि बाकावर बसवलं.

दुसरीच्या शिक्षिकेला सकाळी कणकण होती. नियमाप्रमाणे ती घरी राहिली, आणि नियम करणारीला वर्गावर जावं लागलं. थोरलीनं कित्येक वर्षांत इतक्या लहान मुलांना शिकवलं नव्हतं. एका बाकावर एक, अशी ती मुलं बसली होती, आणि पुतळ्यासारखी गप्प होती. वर्गात बसतात म्हणजे काय करतात, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. थोरलीनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला, वळली आणि तिच्या नेहमीच्या, जन्मभर जपलेल्या हळू आवाजात म्हणाली, “हा शब्द कोण वाचेल?”

कुणीच हललं नाही. खिडकीबाहेर ट्रक मागे घेत होते. पत्र्यावर घण पडत होते. तिनं पुन्हा विचारलं. मुलं तिच्या मास्ककडे बघत राहिली. शेवटच्या बाकावरचा एक जण मान वाकडी करून, डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता, आणि ते बघणं थोरलीनं ओळखलं.

तिनं छाती भरून श्वास घेतला. त्या इमारतीत वर्ग भरलेला असताना जन्मात कुणी ओरडलं नव्हतं, आणि तिनं तर कधीच नाही.

“हा शब्द कोण वाचेल?” थोरली बेंबीच्या देठापासून ओरडली.

वर्ग दचकला. शेजारच्या वर्गात शिक्षकांच्या हातून खडू पडला म्हणे. समोरच्या वर्कशॉपमधला घण हवेतल्या हवेत थांबला आणि त्या माणसानं खिडकीकडे बघितलं. आणि शेवटच्या बाकावरचा तो पोरगा उठून उभा राहिला.

“बाई, ऐकू आलं!” तो तिच्याइतक्याच मोठ्यानं ओरडला. “मी वाचतो!”

“मी! मी! बाई, मी!” मग सगळा वर्गच उभा राहिला.